फाटे फुटणाऱ्या संवादाची नोंद

माणसाच्या बोलण्याला फाटे फुटतात, ही गोष्ट नवी नाही. बाजारात भाव करताना, कचेरीत वरिष्ठांपुढे उभे असताना किंवा घरात रुसलेल्या माणसाची समजूत घालताना एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला, तर पुढचे सारेच बदलून जाते. परंतु प्रत्यक्ष जीवनात माणसाच्या वाट्याला त्या फाट्यांपैकी एकच येतो. जे उत्तर ओठांवर येऊनही दिले गेले नाही, त्याचे फळ काय झाले असते, हे कोणालाच कळत नाही. ‘तसे बोललो असतो तर’ या वाक्यातला ‘तर’ आयुष्यभर मनाशी घोळत राहतो आणि त्याचा निकाल कधीच लागत नाही.

गेल्या काही दशकांत मात्र हा ‘तर’ तपासून पाहता येईल असा करमणुकीचा एक प्रकार रूढ झाला आहे. तो म्हणजे संगणकावरील कथाप्रधान खेळ. १९७६च्या सुमारास अमेरिकेत विल क्राउदर याने एका गुहेतील भटकंतीचा खेळ संगणकासाठी रचला आणि पुढच्याच वर्षी डॉन वूड्स याने त्यात भर घातली. त्या खेळात चित्र नव्हते. पडद्यावर वाक्ये उमटत आणि खेळणारा टंकलेल्या शब्दांनी त्यांना उत्तर देई. १९७९पासून ‘असे करावयाचे असेल तर अमुक पानावर जा’ अशी सूचना देणाऱ्या मुलांच्या पुस्तकांची मालिकाच तिकडे निघाली. पुढे चित्रे आली, आवाज आला, आणि खेळातील पात्रे नायकाशी बोलू लागली. पात्राने प्रश्न केला की पडद्यावर दोन, तीन, कधी सहासात उत्तरे उमटतात. खेळणाऱ्याने त्यांतून एक निवडावयाचे. त्या निवडीप्रमाणे कोणी मित्र होतो, कोणी वैरी होतो, एखादे दार उघडते किंवा कायमचे बंद होते.

अशा एका मोठ्या खेळातील संवादांची शब्दसंख्या दहा लाखांच्याही वर जाते. २०१९ साली निघालेला ‘डिस्को एलिझियम’ हा खेळ त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. एवढ्या अरण्यातून एकट्याने सर्व वाटा धुंडाळणे शक्य नसते. म्हणून खेळाचे चाहते एकत्र येऊन त्याचा एक कोश तयार करतात. ज्या साधनाने तो तयार होतो त्याला ‘विकी’ असे नाव आहे. वॉर्ड कनिंगहॅम याने १९९५ साली पहिली विकी सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘झटपट’ असा आहे, आणि होनोलुलूच्या विमानतळावरील गाडीच्या नावावरून तो त्याला सुचला. वाचणाऱ्यालाच लिहिण्याची मुभा आणि झालेल्या प्रत्येक बदलाची जपून ठेवलेली नोंद ही या साधनाची दोन वैशिष्ट्ये. २००३पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया याच पद्धतीने लिहिला जातो. चाहत्यांचे कोश हे त्याचेच धाकटे भाईबंद होत.

हे काम कोठे चालते, असे कोणी विचारले तर एका विशिष्ट गावाकडे बोट दाखविता येणार नाही. तरीही ते चालण्यास अनुकूल अशी जागा म्हणून बेंगळूर शहरातील सर्जापूर रोडचे नाव घेण्यास हरकत नाही. कोरमंगलाच्या बाजूने निघणारा हा रस्ता इब्लूरपाशी शहराच्या बाह्य वळणरस्त्याला छेदतो आणि दोड्डकन्नेल्ली, कारमेलराम, दोम्मसंद्र अशी गावे मागे टाकीत सर्जापूरला पोहोचतो. याच रस्त्यावर विप्रो कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. १९४५ साली खानदेशातील अमळनेर येथे वनस्पती तूप काढण्यासाठी निघालेली ती कंपनी कालांतराने संगणकाच्या धंद्यात शिरली आणि अखेर इकडे स्थिरावली. तिच्या मागेपुढे अनेक मराठी घरांतील मुलेमुली पुण्यामुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून या भागात आली. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी माणसाला हे शहर परके नाही. दिवसभर यंत्राला ‘असे असेल तर हे कर, नसेल तर ते कर’ अशा आज्ञा लिहिणाऱ्या या पिढीला संध्याकाळी खेळातील संवादांचे फाटे उकलण्याची गोडी लागावी, यात नवल नाही.

परंतु फाटे उकलणे निराळे आणि ते दुसऱ्याला समजेल असे मांडणे निराळे. याच रस्त्याचे उदाहरण घेता येईल. दोम्मसंद्रच्या चौकात एक वाट वर्तूरकडे जाते, एक चंदापूरकडे जाते आणि एक सरळ सर्जापूरला जाते. जो रोज सर्जापूरला जातो त्याला वाटेची माहिती विचारली, तर तो सहजपणे ‘सरळ या’ असे सांगेल. त्याचे सांगणे खोटे नाही. मात्र ज्याला वर्तूरला जावयाचे आहे, त्याच्या ते काही कामाचे नाही. खेळातील संवादाची नोंद करणारा नवखा लेखक नेमके हेच करतो. आपण कोणते उत्तर दिले आणि पुढे काय झाले, याची तो हकिगत लिहितो. हकिगत लिहिणाऱ्याचा प्रवास संपलेला असतो. वाचणारा मात्र अजून चौकात उभा असतो. त्याला हवा असतो तो दिशादर्शक फलक.

हा फरक स्पष्ट होण्यासाठी सर्वांच्या परिचयाची एक जुनी गोष्ट घेऊ. वेताळपंचविशीतील राजा विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालला आहे. प्रेतातील वेताळ त्याला कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. येथे राजापुढे फाटे आहेत. उत्तर ठाऊक असूनही तो गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. त्याने उत्तर दिले, तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळेल. आणि उत्तर खरोखरच ठाऊक नसेल, तर गप्प राहण्यात धोका नाही आणि वाट पुढे सरकते. शेवटच्या कथेत तसेच घडते. ही गोष्ट सांगताना आजी एकामागून एक पंचवीस रात्री सांगू शकते. पण एखाद्याला याच प्रसंगाची नोंद कोशात करावयाची असेल, तर ती कशी करावी?

प्रथम त्याच्या ध्यानात येईल की येथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. राजा बोलतो की गप्प राहतो, ही त्याची निवड होय. त्याला उत्तर ठाऊक आहे की नाही, ही अट होय. बाहेरून पाहणाऱ्याला ‘गप्प राहणे’ एकच दिसते, पण अट बदलली की त्याच मौनाचे एकदा मरण होते आणि एकदा यश होते. म्हणून निवड, अट आणि परिणाम ही तीन पदे नोंदीत नेहमी वेगळी मांडावीत. ‘गप्प राहिल्यास राजा मरतो’ असे वाक्य लिहून मोकळे होणारा लेखक शेवटच्या कथेपर्यंत पोहोचलेल्या वाचकाला फसवतो. दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात येईल ती अशी, की उत्तर दिल्यावर राजा पुन्हा पहिल्याच झाडाशी येतो. हा फाटा पुढे न जाता मागे वळला आहे. तो प्रत्येक वेळी नव्याने लिहीत बसण्याची गरज नाही. ‘येथून झाडापाशी परत’ एवढे एकदा म्हटले की पुरे.

अनेक खेळांतील संवादांची रचना या गोष्टीसारखीच असते. मधोमध एक ठाणे असते, त्याभोवती माहिती विचारण्याचे प्रश्न असतात आणि त्यांतला कोणताही प्रश्न विचारला तरी बोलणे पुन्हा ठाण्यावर येते. खरी वाट बदलणारी उत्तरे दोनतीनच असतात. चांगल्या नोंदीत परत आणणारे प्रश्न एका गटात येतात आणि वाट बदलणारी उत्तरे निराळ्या गटात येतात. असे केले म्हणजे पंचवीस ओळींचे जंजाळ पाहून घाबरलेल्या वाचकाला, आपल्याला खरोखर निवड करावयाची आहे ती तीन ठिकाणीच, हे कळून धीर येतो. काही उत्तरे तर केवळ शोभेची असतात. कोणतेही दिले तरी समोरचे पात्र एखादे निराळे वाक्य बोलून त्याच वाटेला लागते. तेथे ‘दोन्ही फाटे पुढे एक होतात’ असे स्पष्ट लिहावे. फाटा कोठे फुटतो हे सगळेच लिहितात. तो कोठे मिळतो हे लिहिणारे थोडे.

आता शब्दांचा प्रश्न. पडद्यावर दिसणारा पर्याय आणि नायक प्रत्यक्षात बोलतो ते वाक्य यांत पुष्कळदा अंतर असते. २००७ साली निघालेल्या ‘मास इफेक्ट’ या खेळात उत्तरांचे एक चक्र दिसते. त्यावर उत्तराचा दोनतीन शब्दांतील गोषवारा असतो आणि निवड केल्यावर नायक निराळेच, पूर्ण वाक्य बोलतो. त्या चक्रावरील जागेलाही अर्थ असतो. उजवीकडे वर सौम्य उत्तर, उजवीकडे खाली कठोर उत्तर आणि डावीकडे अधिक चौकशी. अशा वेळी केवळ बोललेले वाक्य लिहिले, तर वाचकाला ते पडद्यावर सापडणार नाही. केवळ गोषवारा लिहिला, तर तो निवडल्यावर आपल्या तोंडून काय बाहेर पडेल हे त्याला कळणार नाही. दोन्ही लिहावयास हवीत, आणि कोणते कोणते हे टंकाच्या जाडीवरून किंवा अवतरणचिन्हांवरून एका दृष्टिक्षेपात ओळखू यावे.

या अंतरामुळे किती घोटाळा होतो, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २०११ सालच्या ‘एल. ए. नॉयर’ या गुप्तपोलिसाच्या खेळात साक्षीदाराची जबानी ऐकून ‘खरे’, ‘शंका’ आणि ‘खोटे’ यांपैकी एक निवडावयाचे असे. ‘शंका’ निवडणाऱ्याची अपेक्षा असे, की नायक नरमाईने आणखी विचारील. प्रत्यक्षात तो साक्षीदारावर एकदम डाफरे. २०१७ साली खेळ पुन्हा प्रसिद्ध करताना रचनाकारांनी ही नावे बदलली आणि त्यांच्या जागी सौम्य पोलीस, कठोर पोलीस आणि आरोप अशा अर्थाची नावे घातली. येथे नोंद करणाऱ्याला दुहेरी धडा आहे. एक तर नावावरून आशय गृहीत धरू नये. आणि दुसरे, आपली नोंद खेळाच्या कोणत्या आवृत्तीवरून केली हे पानाच्या माथ्यावर लिहावे. नाही तर २०११च्या नावांनी लिहिलेले अगदी अचूक पान २०१७च्या खेळाडूला चुकीचे वाटेल, आणि तो चांगल्या हेतूने ते बिघडवून ठेवील.

कधी कधी शब्द तेच असतात आणि फरक मनात असतो. १९९९ सालच्या ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ या खेळात काही ठिकाणी एकच वचन दोन पर्याय म्हणून दिसते. एका पर्यायात ते मनापासून दिलेले असते आणि दुसऱ्यात ते खोटे असते. ऐकणाऱ्या पात्राला दोन्ही सारखीच ऐकू येतात, पण नायकाच्या स्वभावाच्या तोलावर त्यांचा परिणाम निरनिराळा होतो. घाईने नोंद करणारा अशी दोन वाक्ये पाहून, एकच ओळ चुकून दोनदा आली असे समजतो आणि एक खोडून टाकतो. संपादनात नीटनेटकेपणाच्या नावाखाली झालेला हा अन्याय अज्ञानाने झालेल्या चुकीपेक्षा अधिक नुकसान करतो. चूक निदान दिसते. खोडलेली ओळ कोणी मुद्दाम जुने बदल उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

काही फाटे फाशांवर अवलंबून असतात. वर उल्लेखिलेल्या ‘डिस्को एलिझियम’मध्ये दोन फासे पडतात आणि त्यांची बेरीज नायकाच्या अंगच्या गुणात मिळवून यशापयश ठरते. दोन्ही फाशांवर सहा आले तर यश ठरलेले आणि दोन्हींवर एक आले तर अपयश ठरलेले. काही परीक्षा गुण वाढवून पुन्हा देता येतात, काही एकदाच. येथे ‘असे म्हटल्यास तो मान्य करतो’ हे वाक्य अपुरे ठरते. मान्य झाल्यास काय, न झाल्यास काय, आणि पुन्हा विचारता येईल की नाही, या तीनही गोष्टी सांगावयास हव्यात. विशेषतः अपयशाची बाजू लिहावयास हवी. माणसाला आपल्या यशाची हकिगत लिहिण्याची हौस असते. पण कोशाकडे धावत येणारा वाचक बहुधा फासे उलटे पडल्यामुळेच आलेला असतो.

मांडणीच्या बाह्य अंगाविषयीही थोडे सांगणे जरूर आहे. नवख्या लेखकाला फाट्यांचे चित्र काढण्याचा मोह होतो. झाडासारख्या फांद्या, चौकटी, बाण यांनी पान सुंदर दिसते. परंतु चित्रातील एक शब्द चुकला तर दुसऱ्याला तो सहजासहजी दुरुस्त करता येत नाही. अंध वाचकाला पान वाचून दाखविणारे यंत्रही चित्रातील अक्षरांपाशी मुके होते. म्हणून मूळ नोंद शब्दांत असावी, चित्र असलेच तर तिच्या जोडीला असावे. शब्दांच्या नोंदीत प्रत्येक फाट्यासाठी ओळ थोडी उजवीकडे सरकविण्याची रीत आहे. ती दोनतीन पायऱ्यांपर्यंत शोभते. सातव्या पायरीला ओळ उजव्या कडेला जाऊन भिडते, आणि आजकाल बहुतेक लोक वाचतात त्या फोनच्या अरुंद पडद्यावर तर एका ओळीत एकच शब्द उरतो. असे होऊ लागले की तो फाटा तेथेच थांबवावा, खाली त्याला स्वतंत्र मथळा द्यावा आणि वर ‘पुढे विभाग चार पाहा’ असे लिहावे. घटना आणि परिशिष्टे वाचण्याची सवय असलेल्या माणसाला ही युक्ती नवीन नाही.

वाचकाच्या आनंदाचाही विचार करावा लागतो. एखाद्याला पुढच्याच उत्तराचा परिणाम हवा असतो, कथेचा शेवट नको असतो. म्हणून तात्काळ होणारा परिणाम उघड लिहावा आणि दूरचा परिणाम झाकलेल्या घडीत ठेवावा. ज्याला हवी त्याने घडी उलगडावी. तसेच ‘चांगले उत्तर’ आणि ‘वाईट उत्तर’ असे शिक्के टाळावेत. ज्या उत्तराने खजिना मिळतो तेच उत्तर सोबत्याचा विश्वास गमावणारे असू शकते. कोणता लाभ मोठा हे ठरविण्याचा अधिकार वाचकाचा आहे. लेखकाने दोन्ही पारड्यांत काय काय पडते तेवढे सांगावे.

ही सगळी पथ्ये एका माणसाने पाळणे तुलनेने सोपे आहे. कोश मात्र अनेक हातांनी लिहिला जातो आणि खरी कसोटी तेथेच लागते. एकाने लिहिले की अमुक उत्तरावर पात्र रागावते. दुसऱ्याने तेच उत्तर दिले आणि पात्र हसले. दुसरा पहिल्याचे वाक्य खोडतो. पहिला ते परत घालतो. दोघेही आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत असतात. दोघांच्याही लक्षात येत नाही ते असे, की आदल्या प्रसंगात एकाने त्या पात्राच्या भावाला वाचविले होते आणि दुसऱ्याने वाचविले नव्हते. म्हणजे हा वाद खऱ्याखोट्याचा नाही. दोघांत मिळून एक न लिहिलेली अट दडलेली आहे, आणि ती सापडेपर्यंत दोन्ही वाक्ये पानावर राहिली तरच ती सापडेल. ‘मला दिसले नाही, म्हणून ते नाही’ हा विचार या कामातला सर्वांत मोठा शत्रू होय.

मराठी वाचकाने हा धडा परक्यांकडून घेण्याचे कारण नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, तेव्हा ज्यांनी स्वामींना पाहिले आणि त्यांचे बोलणे ऐकले, अशांकडे जाऊन त्यांनी एकेक आठवण मिळविली. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळेनात तेव्हा महानुभावांनी एकीला खरी ठरवून दुसरी टाकली असे नेहमीच केले नाही. निराळी आठवण ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवण्याची रीत त्यांच्या परंपरेत आढळते. लीळाचरित्र हे बहुतांशी संवादांचे पुस्तक आहे, आणि अनेकांच्या स्मरणातून संवाद टिपताना मतभेद जपून ठेवावे लागतात, ही जाण मराठी गद्याच्या आरंभीच दिसून येते.

दुसरे उदाहरण विसाव्या शतकातील आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते एकोणीस खंडांत पुरे केले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. १९२५ साली प्रमुख संपादक झालेल्या विष्णु सीताराम सुखठणकर यांनी जी मांडणी ठरविली, ती पाहण्यासारखी आहे. निश्चित केलेली संहिता वर, पाठभेद खाली, लहान प्रक्षेप तारांकित करून तळटीपेत आणि मोठे प्रक्षेप परिशिष्टात. जेथे संपादकांची खात्री नव्हती तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची लोकप्रिय कथा त्यांना मूळ संहितेत घालता आली नाही, परंतु त्यांनी ती नाहीशीही केली नाही. ती परिशिष्टात जशीच्या तशी सापडते.

खेळाच्या कोशात आणि या आवृत्तीत एक महत्त्वाचा फरक आहे. महाभारताच्या संपादकांना अनेक पाठांतून प्राचीनतम पाठ शोधावयाचा होता, म्हणून त्यांना एक वर आणि बाकीचे खाली ठेवावे लागले. खेळातील सर्व फाटे सारखेच मूळचे असतात. त्यांत प्रक्षिप्त कोणताच नसतो. त्यामुळे कोशकाराला एकाला वरची जागा देण्याचा अधिकार नाही. मात्र नागमोडी रेघ दोघांनाही सारखीच उपयोगी आहे. ‘हा फाटा तपासलेला नाही’ असे लिहिण्यास ज्याला संकोच वाटत नाही, त्याच्या तपासलेल्या फाट्यांवर वाचक डोळे मिटून विश्वास ठेवतो.

एक प्रश्न उरतो तो भाषेचा. सर्जापूर रोडवरील असोत की शिकागोतील असोत, मराठी चाहते हे कोश बहुधा इंग्रजीत लिहितात. तेच काम मराठीत करावयाचे म्हटले, तर इंग्रजीला ठाऊक नसलेल्या दोन अडचणी उभ्या राहतात. इंग्रजीत समोरच्याला एकाच सर्वनामाने संबोधता येते. मराठीत ‘तू सांग’, ‘तुम्ही सांगा’ आणि ‘आपण सांगावे’ ही तीन निराळी उत्तरे आहेत. त्यांतला आशय एक असला तरी नाते तीन प्रकारचे आहे. म्हणजे इंग्रजीतील एका पर्यायाचे मराठीत रूपांतर करताना लेखकाला नायकाच्या वतीने एक निवड करावी लागते, जी मूळ खेळात नाही. ती त्याने पात्राचे वय, अधिकार आणि प्रसंग पाहून एकदा ठरवावी, कोशाच्या आरंभी नोंदवावी आणि सर्व पानांवर तीच ठेवावी. एका पानावर राजाला ‘तू’ आणि दुसऱ्यावर ‘आपण’ झाले, तर मध्येच काही बिनसले असा वाचकाचा समज होईल.

दुसरी अडचण लिंगाची. पुष्कळ खेळांत नायक पुरुष असावा की स्त्री, हे खेळणाऱ्यावर सोडलेले असते. इंग्रजी वाक्य दोघांच्या तोंडी तेच राहते. मराठीत ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ असा पहिल्याच क्रियापदाला फाटा फुटतो. प्रत्येक ओळीत तिरकी रेघ देऊन दोन्ही रूपे लिहिली तर वाचणाऱ्याचा डोळा थकतो. पण मराठीनेच त्यावर उपायही ठेवला आहे. ‘मी दार उघडले’, ‘मला हे मान्य आहे’, ‘माझी तयारी आहे’ या वाक्यांत बोलणाऱ्याचे लिंग प्रकट होत नाही. सकर्मक भूतकाळ आणि ‘मला’, ‘माझे’ अशा रचना जाणीवपूर्वक वापरल्या, तर बहुतेक उत्तरे दोघांच्याही तोंडी शोभतील अशी लिहिता येतात. असे काम काही वर्षे झाले, तर मराठी संवादाच्या घडणीविषयी बरेच काही हाती लागेल.

खेळाच्या नोंदीला एवढे महत्त्व कशासाठी, अशी शंका काहींना येईल. तिचे उत्तर या कामात लागणाऱ्या वृत्तीत आहे. ज्या वाटेने आपण गेलो नाही त्या वाटेवरही माणसे चालतात आणि तेथे त्यांना दिसलेले दृश्य आपल्या दृश्याइतकेच खरे असते, हे येथे उपदेशाने शिकावे लागत नाही. मागे जाऊन, दुसरे उत्तर देऊन, ते प्रत्यक्ष पाहता येते. मग ते अनोळखी वाचकासाठी नेटक्या शब्दांत लिहावयाचे, खाली आपले नाव मोठे करावयाचे नाही, आणि उद्या दुसऱ्याने त्यात अट घातली तर ती तपासून स्वीकारावयाची. ज्यांना संध्याकाळचा एखादा तास या कामाला देता येईल, त्यांनी आपल्या आवडीच्या खेळातील एकच संवाद घ्यावा, त्याचे सर्व फाटे चालून पाहावेत आणि न चाललेल्या फाट्यापुढे ‘तपासावयाचे आहे’ असे लिहून ठेवावे. पुढचा मनुष्य तेथून पुढे जाईल.